सर्वांत खालची ओळ

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पडद्यावर दाखवायच्या गोष्टीबद्दल रेडिओवर बोलायचे, हे जरा गमतीचेच आहे. पण स्लाइड कशी असावी हे समजून घेताना समोर पडदा नसला तरी फारसे बिघडत नाही. उलट थोडी मदतच होते. कशी, ते पुढे ओघात येईल.

हल्ली सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा असो, शाळेतली पालकसभा असो, ग्रामसेवकांचे प्रशिक्षण असो की डॉक्टरांची परिषद असो, दृश्य बहुतेक सारखेच असते. दिवे मंद होतात, भिंतीवर निळसर चौकोन उमटतो आणि वक्ता श्रोत्यांकडे पाठ करून भिंत वाचू लागतो. भिंतीवरचे वाक्य आपले वाचून झालेले असते, त्याचे अजून चाललेले असते. यात नुकसान होते ते अर्ध्या तासाचे. मग चहा येतो आणि सगळे विसरतात. त्यामुळे स्लाइडची मांडणी म्हणजे सजावट, हौशी माणसाने बघावी अशी बाब, असा समज रुजला आहे. आज ज्या एका स्लाइडबद्दल सांगणार आहे, तिची हकिकत ऐकल्यावर तो समज टिकणे कठीण आहे.

१६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून ‘कोलंबिया’ हे अवकाशयान सात अंतराळवीरांना घेऊन निघाले. आपल्या कर्नालची कल्पना चावला त्यांत होती. तिचे हे दुसरे उड्डाण. यान निघाल्यानंतर साधारण ८२व्या सेकंदाला बाहेरच्या प्रचंड इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा निखळला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. दुसऱ्या दिवशी उड्डाणाच्या चित्रफिती तपासताना ही धडक दिसून आली. तोपर्यंत यान पृथ्वीभोवती फिरू लागले होते. त्यावरच्या सातजणांना काही त्रास नव्हता. प्रश्न होता तो परतीच्या वाटेवरचा. वातावरणात शिरताना यानाला जी भयंकर उष्णता सोसावी लागते, ती सोसण्याइतका पंख शाबूत आहे का?

याचा अंदाज करण्याचे काम बोइंग कंपनीच्या अभियंत्यांकडे आले. त्यांच्या हाती एक गणिती सूत्र होते आणि पूर्वी केलेल्या काही चाचण्यांची माहिती होती. त्या चाचण्यांत फोमचे छोटे तुकडे यानाच्या उष्णतारोधक फरशांवर आदळवून पाहिले होते. निष्कर्ष ‘नासा’च्या अधिकाऱ्यांपुढे ठेवले गेले ते स्लाइडच्या रूपात. त्यांतली एक स्लाइड पुढे जगभर अभ्यासली गेली.

तिचे शीर्षक लांबलचक आहे. त्याचा मथितार्थ असा, की फरशा किती खोलवर फुटतील याचा सूत्राने दिलेला अंदाज चाचण्यांशी ताडून पाहता जास्तीचाच दिसतो, म्हणजे प्रत्यक्षात इजा त्याहून कमी होईल. घाईत असलेल्या अधिकाऱ्याने हे शीर्षक वाचले की त्याच्या मनात एकच भाव उमटणार: चला, धोका नाही. शीर्षकाखाली एक मोठा ठिपका. त्याच्या पोटात आडवी रेघ, रेघेच्या पोटात शंकरपाळ्यासारखी खूण, तिच्या पोटात आणखी बारीक ठिपका आणि शेवटी कंस. अकरा वाक्यखंड आणि ते लावायला सहा पायऱ्या! प्रत्येक पायरीला अक्षर बारीक होत जाते. आणि अगदी तळाशी लिहिले आहे, की उड्डाणातली परिस्थिती चाचण्यांच्या कक्षेच्या बरीच बाहेरची आहे. आदळलेल्या तुकड्याचे आकारमान १९२० घनइंच, चाचणीतल्या तुकड्याचे ३ घनइंच.

हे आकडे आपल्या मापात आणून पाहू. ३ घनइंच म्हणजे साधारण ५० मिलिलिटर, एक कटिंग चहा. १९२० घनइंच म्हणजे ३१ लिटरच्या आसपास, तेलाचे पंधरा लिटरचे दोन मोठे डबे. चाचणी केली कटिंग चहाएवढ्या तुकड्याची, आणि आदळला होता दोन डब्यांएवढा. फरक ६४० पटींचा. (तपासणीत नंतर तुकड्याच्या आकाराचा अंदाज यापेक्षा कमी निघाला. तरीही फरक शेकडो पटींचाच राहतो.) म्हणजे खरा निष्कर्ष असा होता, की या धडकेबद्दल आमच्याजवळच्या चाचण्या काहीच सांगू शकत नाहीत. तो निष्कर्ष स्लाइडवर होता, कोणी लपवला नव्हता. फक्त तो सर्वांत खालच्या ओळीत, सर्वांत बारीक अक्षरांत होता, आणि वरचे शीर्षक त्याच्या उलट दिशेला बोट दाखवत होते.

त्या एका स्लाइडवर ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द पाच वेळा येतो. एके ठिकाणी त्याचा अर्थ ‘इजा होण्याइतका’, दुसरीकडे ‘६४० पटींचा’. सहीसाठी समोर आलेल्या कागदावर ‘योग्य ती कार्यवाही’ हे शब्द जे काम करतात, तेच इथे हा शब्द करत होता. घनइंच हे एकच परिमाणही तीन तऱ्हांनी लिहिलेले होते. ही बारीकसारीक हयगय वाटेल, पण जो आकडा डोळ्यांत भरायला हवा होता, तो त्यामुळे आणखी दबला.

१ फेब्रुवारी २००३ रोजी परत येताना टेक्सासच्या आकाशात कोलंबियाचे तुकडे झाले. सातहीजण गेले. पंखाची पुढची कडा कार्बनच्या खास पत्र्यांची असते. फोमचा तुकडा तिथे आदळला होता, फरशांवर नव्हे. त्याच वर्षी जुलैमध्ये तशाच कडेवर तेवढाच फोम तोफेसारख्या यंत्राने मारून पाहिला, तेव्हा सोळा इंचांच्या आसपासचे भगदाड पडले.

एका स्लाइडने सात माणसे मारली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फोम सुटणे ही नासाला जुनीच, सवयीची झालेली गोष्ट होती. कक्षेतल्या यानाची छायाचित्रे मिळवा, ही अभियंत्यांची मागणी वरपर्यंत टिकली नाही. अपघाताची कारणे अनेक आणि खोलवरची होती. पण ऑगस्ट २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपास मंडळाच्या अहवालाने या स्लाइडला खास एक चौकट दिली. येल विद्यापीठातले प्राध्यापक एडवर्ड टफ्टी यांनी केलेले तिचे विश्लेषण त्यात छापले आणि स्पष्ट म्हटले, की ही स्लाइड वाचून एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याला आपण जीवघेण्या प्रसंगाबद्दल वाचत आहोत हे कळले नसते, तर नवल नाही. तांत्रिक अहवालांऐवजी सर्रास स्लाइडवर भागवण्याच्या नासातल्या पद्धतीवर मंडळाने बोट ठेवले.

आता हे कसे घडते, ते पाहू. स्लाइड करणारी माणसे हुशार होती, प्रामाणिक होती. पण समोर जी चौकट होती, तिच्यात त्यांनी मजकूर भरला. ही चौकट कुठून आली, याचा इतिहास थोडक्यात सांगतो. संगणकाच्या आधी सभांमध्ये पारदर्शक प्लास्टिकचे कागद आणि ओव्हरहेड प्रोजेक्टर असे. त्या पारदर्शिका सुबक छापून मिळाव्यात म्हणून रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी अमेरिकेतल्या ‘फोरथॉट’ या छोट्या कंपनीत एक प्रोग्राम तयार केला. तो १९८७ मध्ये ‘मॅकिंटॉश’ संगणकासाठी बाजारात आला. त्याचे नाव पॉवरपॉइंट. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर मोजून ती कंपनीच विकत घेतली. पुढचे आपण पाहतोच आहोत.

प्रोग्राम उघडला की तो वर शीर्षकाची जागा देतो आणि खाली ठिपक्यांची यादी. ही जागा रिकामी दिसली की भरावीशी वाटते. शीर्षकात विषयाचे नाव पडते: ‘सद्यःस्थिती’, ‘आढावा’, ‘अडचणी व उपाय’. खाली सुचेल तसे मुद्दे पडतात. जो मुद्दा शेवटी सुचला तो शेवटी, ज्याला जागा कमी पडली तो बारीक. श्रोता मात्र असे मानून चालतो, की मोठे ते महत्त्वाचे आणि बारीक ते किरकोळ. अक्षराचा आकार, ओळीची जागा, आत सरकवलेला समास, या सगळ्यांतून स्लाइड एक मत देत असते. ते मत आपण जाणून दिले नाही, तर प्रोग्राम आपल्या वतीने देऊन मोकळा होतो.

म्हणून स्लाइड करायला बसण्याआधी एक वाक्य लिहायचे. या स्लाइडने श्रोत्याला काय कळायला हवे, ते. पूर्ण वाक्य, क्रियापदासकट. तेच शीर्षक. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले मायकेल अ‍ॅली अभियंत्यांना वर्षानुवर्षे हेच शिकवत आले आहेत: वर विधान, खाली त्याचा पुरावा. कोलंबियाच्या स्लाइडचे शीर्षक ‘आपल्या चाचण्यांवरून या धडकेबद्दल काहीही सांगता येत नाही’ असे असते आणि खाली प्रमाणात काढलेले दोनच चौकोन असते, एक टाचणीच्या टोकाएवढा आणि दुसरा तळहाताएवढा, तर त्या खोलीतले बोलणे निदान वेगळ्या प्रश्नापासून सुरू झाले असते.

एक घरगुती उदाहरण घेऊ. समजा, एका गावच्या ग्रामसभेत पाणीपुरवठ्याची स्लाइड दाखवायची आहे. नेहमीच्या पद्धतीने शीर्षक येईल ‘पाणीपुरवठा : सद्यःस्थिती’. खाली विहिरींची संख्या, पंपाची अश्वशक्ती, टाकीची क्षमता, वीजबिल, थकबाकी, गळती, असे नऊ मुद्दे. सगळे खरे, सगळे सारख्या अक्षरांत. सभेत भांडण होणार ते थकबाकीवर, कारण त्यावर प्रत्येकाला बोलता येते. आता दुसरी स्लाइड. शीर्षक: ‘मार्चपासून टाकी अर्धीच भरते’. खाली बारा महिन्यांचे बारा उभे खांब, फक्त मार्च, एप्रिल आणि मे यांचे लाल, बाकीचे करडे. दुसरे काही नाही. आता सभा विचारणार, मार्चमध्ये असे काय होते? विहीर आटते, की वीज कमी येते, की वर कोणी पाणी उपसतो? वीजबिल आणि थकबाकी कुठे गेली? ती छापील पत्रकात, प्रत्येकाच्या हातात.

शीर्षक नीट जमले आहे का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. ती स्लाइड टेलिफोनवर कोणाला तरी सांगून पाहा. ‘मार्चपासून टाकी अर्धीच भरते’ हे फोनवर सांगता येते. ‘पाणीपुरवठ्याची सद्यःस्थिती’ सांगायला गेलात, की पलीकडचा विचारतो, ‘बरं, मग?’ त्या ‘बरं, मग’चे उत्तर म्हणजेच शीर्षक. सुरुवातीला म्हटले ना, पडदा नसला तर मदतच होते, ती अशी.

आता डोळा आणि कान यांच्याबद्दल. पडद्यावर वाक्ये असली की माणूस ती वाचतोच. वाचू नका म्हटले तरी वाचतो. आणि वाचताना मनातल्या मनात तो एक प्रकारे बोलतच असतो. त्याच वेळी वक्ताही बोलत असतो. दोन बोलणी एकाच दारातून आत शिरू पाहतात आणि दारातच अडकतात. चित्र आणि आवाज यांची मात्र अशी टक्कर होत नाही. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी या विषयावर पुष्कळ प्रयोग केले. चित्र आणि निवेदन यांच्या जोडीला तेच निवेदन पडद्यावर लिहूनही दाखवले, तर शिकणाऱ्याला एरवीपेक्षा कमी उमगते, असे त्यांना आढळले. म्हणजे आपण ज्याला ‘ठसवणे’ म्हणतो, ते पुसणे ठरते. याला अपवाद आहेत. अनोळखी नाव, औषधाचे नाव, परभाषेतला शब्द, सूत्र किंवा कायद्याचे कलम पडद्यावर लिहिलेलेच बरे. नुसते ऐकून ते निसटते.

‘एका स्लाइडवर सातच मुद्दे’ असा एक नियम प्रशिक्षणांतून सांगितला जातो आणि त्याला जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ मधल्या प्रसिद्ध निबंधाचा दाखला दिला जातो. मिलर यांचा विषय वेगळा होता: नुकतेच ऐकलेले किंवा पाहिलेले किती घटक माणसाला लगेच परत सांगता येतात. पडद्यावरचे मुद्दे तर डोळ्यांसमोरच असतात, ते लक्षात ठेवायचेच नाहीत. सात म्हणा, पाच म्हणा, या आकड्याला माझ्या मते काही आधार नाही. एका विधानाला लागेल तेवढा पुरावा ठेवावा. कधी ते एकच छायाचित्र असेल, कधी वीस रकाने असलेला तक्ता, पण मग तो तक्ता वाचायला दोन मिनिटे गप्प बसायची तयारी हवी.

आलेखांबद्दल थोडेच सांगतो. उभ्या खांबांचा आलेख शून्यापासून सुरू करावा. नव्वदपासून सुरू केला तर ९२ आणि ९६ यांतला किरकोळ फरक दुपटीचा, तिपटीचा दिसतो. त्रिमितीतली, आडवी कलंडलेली गोल पोळी टाळावी. तिचा पुढचा तुकडा उगाच मोठा भासतो. लाल आणि हिरवा यांतला फरक काही जणांना, विशेषतः पुरुषांना, दिसत नाही. तेव्हा चांगले-वाईट फक्त या दोन रंगांत दाखवू नये.

मराठीत स्लाइड करणाऱ्यांना मात्र जरा सविस्तर सांगायला हवे, कारण पुस्तकांतले नियम इंग्रजी अक्षरांसाठी केलेले असतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार लागतात आणि खाली उकार. इंग्रजीच्या हिशेबाने ठरवलेल्या ओळींच्या अंतरात वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत घुसतात. ओळींमधले अंतर वाढवावे. अक्षरही इंग्रजीपेक्षा थोडे मोठे घ्यावे. ‘द्ध’, ‘ष्ट्य’, ‘ऱ्ह’ ही जोडाक्षरे लहान आकारात नुसते डाग दिसतात. ठळक टाइप केला, की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ लांबून ओळखू येत नाहीत. इंग्रजीत शीर्षक मोठ्या लिपीतल्या अक्षरांनी उठून दिसते. आपल्याकडे लहान-मोठी लिपी नाहीच, त्यामुळे भेद दाखवायला उरतात आकार आणि भोवतालची मोकळी जागा. मोकळ्या जागेची आपल्याला भारी भीती वाटते. तिथे लगेच संस्थेचे बोधचिन्ह, कोपऱ्यात फूल, खाली वक्त्याचे पद येऊन बसते. लांबून वाचता येते का हे पाहायचे, तर लॅपटॉप टेबलावर ठेवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहावे. तिथून डोळे बारीक करावे लागले, तर शेवटच्या रांगेतल्या आजोबांचे काय होणार ते उघड आहे.

आणखी एक खास आपली अडचण. युनिकोड रुळण्याआधी मराठी टाइप इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. अशा जुन्या टाइपमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्याच्या संगणकावर उघडली, तिथे तो टाइप नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची नुसती भेळ दिसते. आजही काही कार्यालयांत असे टाइप वापरात आहेत. मजकूर युनिकोडमध्येच करावा, आणि निघण्यापूर्वी त्याची पीडीएफ प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवावी. तिच्यात टाइप सोबत जातो.

राहिला कागद. टफ्टी यांचा आग्रह असा, की गंभीर विषय असेल तर स्लाइडऐवजी सरळ वाक्यांत लिहिलेले टिपण वाटावे. ‘अ‍ॅमेझॉन’चे जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केले. त्याऐवजी जास्तीत जास्त सहा पानी टिपण असते आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळेजण ते गप्प बसून वाचतात. वाक्य लिहिताना ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘तरीही’ हे शब्द वापरावेच लागतात आणि विचारातली फट तिथे उघडी पडते. ठिपक्यांच्या यादीत ती झाकली जाते. नासाला हे लगेच जमले नाही. कोलंबियानंतरच्या सुधारणा तपासणाऱ्या गटाने २००५ मध्ये आपला अहवाल दिला. महत्त्वाचे निर्णय आणि त्यांची कारणे अजूनही फक्त स्लाइड आणि ई-मेलमध्येच सापडतात, अशी तक्रार त्या गटातल्या काही सदस्यांनी त्यात नोंदवली.

स्लाइड पूर्णपणे टाकून द्यावी, असे मला वाटत नाही. क्ष-किरण छायाचित्र, नकाशा, पुलाचा तडा, पिकावरची कीड या गोष्टी शंभर माणसांना एकदम दाखवायला तिच्यासारखे साधन नाही. पण सभेत निर्णय व्हायचा असेल, तर आकडे, अटी आणि शंका यांचे दोन पानी टिपण सभेच्या दोन दिवस आधी लोकांच्या हाती द्यावे. स्लाइडच्याच प्रती छापून वाटण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांनी ती प्रत हाती आली, की ‘गळती : उपाय’ म्हणजे काय ठरले होते, हे खुद्द ज्याने लिहिले त्यालाही सांगता येत नाही.